उघडी बाजू

“मग ही उभं राहायची तऱ्हा कुणाची?” असं दुकानदारीण बाईंनी विचारलं, आणि जावयाला उत्तर सुचेना.

तो आला होता पट्ट्याचं मशीन घ्यायला. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर धातू घासायचं, दणकट, दिवसभर चाललं तरी न तापणारं. दुकानात जाऊन गप्पा हाणत बसू नका, असं बायकोने बजावून पाठवलं होतं. पण त्या दुकानाची रीतच निराळी. भिंतीशी ओळीने मशीनं मांडलेली. हातात धरून चालवायची लहान, टेबलावर बसवायची मधली आणि अगदी टोकाला ती थोराड, बिडाच्या पायांची, जमिनीत बोल्टने आवळायची. गिऱ्हाईक तडक थोराडाकडे जातं, बैल बघावा तशी त्याच्या पाठीवर थाप मारतं आणि मोटर किती ताकदीची म्हणून विचारतं. बाई त्यावर काही सांगतच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, पाइपाचा एक तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि बंद मशीनपुढे त्याला उभं करून म्हणतात, “घासून दाखवा.” चांगला बाप्या माणूस बंद मशीनवर तुकडा घासतोय, तोंडाने आवाज काढायचा तेवढा बाकी, हे दृश्य हसण्यासारखंच. पण बाईंचं म्हणणं असं की माणूस तोंडाने वाटेल ते सांगतो, खांदा खोटं बोलत नाही. जावयाने तुकडा घेतला, डावं अंग पुढे काढलं, डाव्या हाताने टोक धरलं, उजवा नुसता मागून टेकवला आणि घासून दाखवलं. “तुम्ही डावरे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला मोटर उजवीकडे आणि उघडी बाजू डावीकडे असलेलं लागेल.” तो म्हणाला, “नाही हो, मी उजवा.” बाईंनी खिशातला एक नट काढला आणि काही न सांगता त्याच्याकडे फेकला. त्याने तो झेलला, उजव्या हातात. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या खांद्याकडे पाहिलं, आणि तो प्रश्न विचारला.

कुणाची म्हणजे, मामांची. उत्तर होतं की त्याच्याकडे. फक्त ते असं परक्या बाईसमोर, हातात पाइपाचा तुकडा घेऊन, पहिल्यांदाच मनात आलं. मामा म्हणजे त्याचे सासरे. त्याआधी ते त्याचे मालक होते, आणि त्याच्याही आधी एका चिंचोळ्या खोलीत स्वतः बनवलेल्या मशीनसमोर दारांच्या मुठी घासत वाकून उभी असलेली एक पाठ. तो कामाला लागला तेव्हा त्याला दिसली ती पाठच. मामा शिकवायचे नाहीत. “बघ आणि कर,” एवढंच त्यांचं शिकवणं, आणि तेही दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत. म्हणून तो बघत राहिला. दाराची मूठ डाव्या हातात कशी धरतात, पट्ट्याच्या डाव्या कडेवरून ती मनगटाने कशी वळवतात, ठिणग्या पायाशी कशा पडू द्यायच्या, स्टील तापून निळं पडायच्या आत हात कसा उचलायचा. मामा डावरे आहेत हे त्याने पहिल्याच दिवशी ताडलं. ते लिहायचे उजव्या हाताने, पण त्याचं काय एवढं; त्यांच्या पिढीत डाव्या हाताने पेन्सिल धरली की मास्तर बोटांवर पट्टी मारत. हाताचं खरं घर कुठलं ते काम करताना कळतं. आणि मशीन मामांनी आपल्या हाताने, आपल्या हातासाठी बनवलेलं. नव्या पोऱ्याकरता कोण ते फिरवणार? मग तोच फिरला. डाव्या हाताने दात घासले, डाव्या हाताने भांग पाडला, डाव्या हाताने खिळे ठोकून आपलीच बोटं ठेचून घेतली. त्याच्या पहिल्यावहिल्या मुठी बटाट्यांसारख्या व्हायच्या. मामा त्या नुसत्या हातात घेऊन खाली ठेवायचे. पुढे एक दिवस ठेवली नाही, अंगठा आतल्या बाजूने फिरवला आणि मालाच्या पेटीत टाकली. त्या दिवशी तो घरी चालत गेला नाही, तरंगत गेला. मग यथावकाश मालकांच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि सगळ्या गल्लीने त्याचं नाव जावई ठेवलं. आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो जावईच आहे. मागून आलेल्यांना तर ते त्याचं आडनावच वाटतं.

“दोन्ही बघा,” बाई म्हणाल्या आणि त्याला शेजारच्या मशीनपुढे नेलं. तेच मशीन, तीच ताकद, पट्टा ताणायची तीच भक्कम स्प्रिंग, पट्टा सरकला तर जागेवर आणायची तीच गोल मूठ. फक्त मोटर आणि सांगाडा डावीकडे आणि उजवी कड मोकळी. त्या मोकळ्या कडेलाच धंद्यात उघडी बाजू म्हणतात. सांगाड्याच्या बाजूला हात अडतो. वाकडीतिकडी वस्तू फिरवायला मिळते ती उघड्या बाजूला. जावयाने तुकडा उजव्या हातात घेतला, उजवं अंग पुढे केलं, आणि त्याच्या डाव्या खांद्यावरून कुणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. त्याने घाईने तुकडा खाली ठेवला. नको ते चाखल्यासारखं वाटलं त्याला. “उद्या सांगतो,” म्हणून तो बाहेर पडला.

ऊन मवाळ होतं, रस्ता रुंद होता, आणि चालायला त्याला नेहमीच आवडायचं. त्यातून या शहरात चालण्याचं त्याचं एक चोरटं सुख होतं, जे त्याने बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. शहरातल्या कितीतरी दारांना मामांच्या कारखान्यातल्या मुठी होत्या. बँकेच्या दाराला, दातांच्या दवाखान्याला, त्या उंच इमारतीत तर मजल्यामजल्याला. लोक यायचे, मूठ धरायचे, दार ढकलायचे आणि आत जायचे. हाताखाली काय आलं याचा कुणाला पत्ता नसायचा. तसंच असायला हवं. मूठ लक्षात राहिली तर ती कुठेतरी टोचली असं समजावं. मामा म्हणायचे, बाहेरची बाजू गिऱ्हाइकासाठी, आतली बोटांसाठी. बाकीचे कारखाने आतली बाजू तशीच खरबरीत सोडतात, ती दिसते कुणाला. मामांच्या मुठीत बोटं आतून लोण्यासारखी फिरतात. औषधाच्या दुकानाच्या दाराला त्याने ओळखीची मूठ पाहिली आणि काही काम नसताना दार ढकललं. अंगठा आतून फिरवला. लागत होती छान. आत काउंटरवरची मुलगी काय हवं म्हणून बघत राहिली, तेव्हा लाजेखातर खोकल्याच्या गोळ्या घेऊन तो बाहेर आला. पुढे सगळा रस्ताभर खोकला नसलेला माणूस गोळी चघळत चालला होता आणि खांद्याचा विचार करत होता.

खांदा दुखायला लागून बरेच दिवस झाले होते. डावा हात कानाच्या वर जात नव्हता. सदरा घालताना बाही बायकोला धरावी लागे. ती म्हणे, “लग्नात एवढी हौस नव्हती केली तुमची.” ती हसे, तोही हसे, आणि प्रकरण तिथेच मिटे. मामांना मात्र त्याने कळू दिलं नव्हतं. जुनं मशीन आता थकलंच होतं. सांगाड्याला तडा गेला की वेल्डिंग, परत तडा, परत वेल्डिंग; मशीन कमी आणि जोड जास्त अशी गत. नवं घ्यायचंच होतं. मग घेतोच आहोत तर आपल्या हाताचं घ्यावं, उरलेली वर्षं तरी सरळ उभं राहून काम करावं, यात गैर काय? गैर काहीच नव्हतं. गैर नव्हतं म्हणूनच मन तिथून हलत नव्हतं. कारण मामा अजून रोज यायचे. सासूबाई गेल्या तेव्हा मामा खुर्ची भिंतीकडे वळवून बसले होते. जेवणाचं ताट पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. किती समजावलं, डॉक्टर झाले, नातेवाईक झाले. शेवटी जावयाने एकदा हातात एक कच्ची मूठ दिली आणि म्हणाला, मामा, ही आतून मला साधत नाही. खोटंच होतं ते. मामांनी ती बराच वेळ हातात फिरवली, उठले, एप्रन मागितला. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की काठी टेकत यायचे, पेटीतून एकच मूठ निवडायचे, जुन्या मशीनपुढे डावं अंग काढून उभे राहायचे आणि ती मूठ पुरी करायचे. एकच. दुसरीला हात लावायचे नाहीत. घासून झाली की चेहरा असा व्हायचा की आता संध्याकाळ कशीही आली तरी चालेल. उजव्या हाताचं मशीन आणलं तर त्या चेहऱ्याचं काय? ऐंशीच्या घरातला माणूस हात बदलणार आहे थोडाच. एप्रन घालतील, पुढे येतील, उघडी बाजू शोधतील आणि सापडणार नाही. बोलणार तर मुळीच नाहीत. खुर्ची तेवढी पुन्हा भिंतीकडे वळेल.

घराच्या मागेच कारखाना; बायको पुढच्या खोलीत मालाच्या पेट्या भरत होती. तिचं राज्य पुढच्या खोलीत. मागे मशीनपाशी ती सहसा यायची नाही, ठिणग्यांनी साड्यांना भोकं पडतात म्हणून. “घेतलं?” तिने विचारलं.

“दोन आहेत. एक असं, एक तसं.”

“मग चांगलं असेल ते घ्या. त्यात एवढं तोंड लांब करण्यासारखं काय आहे?”

“मामांना नवीन मशीन झेपेल का, असं आलं मनात.”

“बाबांना काय, एक मूठ मिळाली की झालं त्यांचं.” तिने पेटीला चिकटपट्टी लावली, दाताने तोडली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. “खोकला झालाय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग गोळी कसली खाताय?”

तो गोळी गालात सरकवून मागे गेला. मामा येऊन गेले होते. त्यांची आजची मूठ फडक्यावर ठेवलेली होती. त्याने ती हातात घेतली. आतून अंगठा फिरवला. कुठे अडत नव्हता. जुनं मशीन कोपऱ्यात दमून उभं होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या टांगलेल्या होत्या, भोकं पाडून, कडा मोडून अगदी तयार केलेल्या. कशाच्या ते कुणाला ठाऊक नाही. एकदा जावई त्या कापून ब्रॅकेट करणार होता, तेव्हा मामा म्हणाले होते, राहू दे, लागतील कधीतरी. कारखाना चिंचोळ्या खोलीतून या मोठ्या जागेत आला तेव्हापासून त्या तिथेच होत्या. त्यांच्यावरची धूळही आता गंजाच्याच रंगाची झाली होती. तो तिथे स्टुलावर बसून राहिला आणि त्याला जाणवलं की त्याने आधीच ठरवलेलं आहे. दुकानातून बाहेर पडतानाच ठरलं होतं. मधला सगळा रस्ता त्याने नुसता स्वतःची समजूत काढली होती.

सकाळी बाईंना त्याने सांगितलं, “डाव्या हाताचं द्या.”

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. “खांद्याचं काय?”

“खांदा माझा आहे.”

“चालवणार तुम्हीच ना?”

“दिवसभर मी. एक मूठ दुसरं कुणीतरी घासतं.”

“एका मुठीसाठी?”

“हो, एका मुठीसाठी.”

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग एवढंच म्हणाल्या, “पाठवते. जमिनीत बोल्ट आवळायच्या आत विचार बदलला तर फोन करा. आवळल्यावर मी परत घेत नाही.” तो हसला. विचार बदलणारा माणूस वेगळाच असतो, असं त्याला त्या क्षणी वाटलं. त्यागात एक गोड खाज असते. आपल्याच पाठीवर आपण थाप मारावी तशी. घरी येईपर्यंत तो मनातल्या मनात ती थाप मारून घेत होता. डावा खांदा दुखत होता, पण आता तो कशासाठी दुखतो ते ठरलं होतं, आणि ठरलेल्या दुखण्याचा त्रास निम्माच होतो. एरवी वाटेत दिसणाऱ्या मुठीही आज जरा जास्तच चकाकत होत्या. आपण चांगले आहोत असं वाटायला माणसाला फार काही लागत नाही, एक वाजवी तक्रार गिळता आली की पुरते.

मशीन दुपारी आलं. हमालांनी ते कोपऱ्याच्या अलीकडे ठेवलं, जावयाने पट्टा चढवला, स्प्रिंग ताणली, हाताने फिरवून पट्टा सरळ चालतोय ते पाहिलं. बोल्ट आवळायला पाना घेतला आणि तेवढ्यात काठीचा आवाज आला. बायकोही आज साडीचा पदर आवरून मागे आली होती, नवीन मशीन बघायला. मामांनी मशीनभोवती एक पूर्ण फेरी मारली. बिडाच्या पायांना काठीने टोचून पाहिलं. स्प्रिंग दाबली, मान हलवली. मग समोर आले आणि थांबले. जावई एप्रन घेऊन तयारच होता. मनात म्हणत होता, आता ते उघडी बाजू पाहतील आणि त्यांचा तो चेहरा होईल.

“हे उलटं का आणलंस?” मामा म्हणाले.

“उलटं? नाही मामा, जुन्यासारखंच. डावीकडे उघडं.”

“तेच विचारतोय. डावीकडे कशाला?”

“तुमच्यासाठी. तुम्ही डावरे ना.”

मामा त्याच्याकडे बघत राहिले. “मी? मी कधी झालो डावरा?”

“बाबा कसले डावरे?” बायको म्हणाली. “अहो, काहीतरीच काय.”

जावयाच्या हातातला एप्रन हातातच राहिला. “पण मशीनवर... पहिल्यापासून तुम्ही डाव्या हातानेच...”

“त्या खोलीत विजेचा खटका एकाच कोपऱ्यात होता,” मामा सावकाश म्हणाले. “मोटरची वायर आखूड. मोटर उजवीकडे ठेवली तरच पोचायची. वायर महाग नव्हती रे, पण म्हटलं आज चालवू असंच, उद्या आणू. मग हात बसला डावीकडे.” ते बोलता बोलता थांबले आणि त्यांचे डोळे बारीक झाले. “आणि इथे आलो तेव्हा फिरवणारच होतो मी मशीन. मोटर डावीकडे बसवायला त्या पट्ट्या काय उगाच केल्या? भोकं पाडली, सगळं केलं. पण तोवर तू लागला होतास कामाला. तुझा हात डावीकडे काय सुरेख चालायचा. म्हटलं, पोरगं डावरं आहे, मास्तरांनी लिहायला तेवढं उजव्या हाताला लावलं असेल. याला कशाला त्रास? आपलं काय, आपण घासू डाव्या हाताने.”

भिंतीवरच्या त्या दोन पट्ट्या जावयाला एकदम स्पष्ट दिसल्या, एकेक भोक दिसलं. आयुष्यभर त्यांच्यासमोर उभा राहून तो डाव्या हाताने घासत होता, मामांच्या खातर; आणि मामा आपल्या पट्ट्या टांगून ठेवून डाव्या हाताने घासत होते, त्याच्या खातर. क्षणभर त्याला फार वाईट वाटलं. किती सकाळी, किती मुठी, हा खांदा. सगळं एका वीतभर वायरीपायी. रागसुद्धा आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. आणि मग त्या वाईट वाटण्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी लागलं. या माणसाने आपल्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. बघ आणि कर, यापुढे काही म्हटलं नव्हतं. आणि आता सहज, वायरीच्या गोष्टीत, सुरेख म्हणून गेला. दुखणं तिथेच होतं, पण तो सुखी होता, आणि हे दोन्ही एकाच खांद्यावर मावत होतं.

“तू तरी सांगायचंस,” तो बायकोला म्हणाला, कारण कुणाला तरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

“मला काय माहीत? मला वाटायचं मशीन असंच चालवतात.” ती पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “विचारायचं होतं की एकमेकांना. जिभा काय मालाच्या पेटीत भरून पाठवल्या होत्या?”

मामांनी पान्याकडे काठी केली. “आवळलेस का बोल्ट?”

“नाही अजून.”

“मग परत कर. उजवीकडचं आण.”

“मामा, माझं ठीक आहे. पण तुमचा हात आता डाव्यावर बसलाय. या वयात...”

“बसलाय तर उठेल,” मामा म्हणाले. “शिकू की.”

जावई फोन करायला पुढच्या खोलीत गेला. बाई पलीकडून काही विचारणार होत्या, पण त्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं नाही; उद्या सकाळी गाडी पाठवते म्हणाल्या. तो परत आला तेव्हा मामांनी एप्रन घातलेला होता. पेटीतून त्यांनी आजची मूठ निवडली होती. ती त्यांनी उजव्या हातात धरली होती, अवघडून, नवख्यासारखी. उजवं अंग पुढे काढलं होतं आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत, जिथे कुठलंच मशीन नव्हतं, ते ती हवेवर घासत होते. मनगट अडत होतं. ते थांबायचे, मूठ नीट धरायचे, पुन्हा घासायचे. तोंडाने बारीक आवाजही काढत होते, पट्टा चालल्यासारखा.

जावई त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि बघू लागला.